दीड मण जास्त

१

हिंदुराव मिस्त्रीने बांधलेला क्लच तीन वर्षं उघडावा लागत नाही, असं चिंचवडपासून देहूरोडपर्यंत सगळे सांगायचे. त्यातलं निम्मं काम त्याच्या बायकोचं असायचं, हे कुणी सांगायचं नाही. कारण ते कुणाला माहीतच नव्हतं.

शालन कंपाउंडरकडून औषधाच्या बाटल्यांची कॉर्कची बुचं मागून आणायची. त्यांच्यासाठी राखलेल्या वेगळ्या डब्यात ती उकळायची, मऊ झाली की सुरीने सारख्या चकत्या पाडायची आणि क्लचच्या प्लेटीला जी भोकं असतात त्यांत एकेक चकती अंगठ्याने दाबून बसवायची. वाळल्यावर काचेवर पॉलिश कागद अंथरून सगळी प्लेट घासायची. एकही चकती वर राहिलेली किंवा आत बसलेली चालायची नाही. क्लच म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला देणारा आणि लिव्हर दाबला की तीच काढून घेणारा असा हा प्लेटांचा गठ्ठा. एवढं तिला नवऱ्याने लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात शिकवलं होतं.

"करंज्या भरायला बसल्यासारखी बसतेस," हिंदुराव म्हणायचा.

"करंजी फुटली तर तेल खराब होतं. हे फुटलं तर गिऱ्हाईक मोशीचा चढ गाडी ढकलत चढतं आणि वाटभर तुमचं नाव घेतं."

दोघं मूळची कोरेगावची. हमरस्त्याला लागून पत्र्याची शेड आणि तिला मागून चिकटलेली एक खोली, एवढा त्यांचा संसार. जागा आबाजींची होती आणि त्या पट्ट्यात आता कारखाने यायचे होते. दिवाळीनंतर शेड पडणार, हे आबाजींनी स्वतः येऊन, दोनदा चहा पिऊन, फार वाईट वाटून सांगितलं होतं.

म्हणून दसऱ्यानंतरच्या सोमवारी यशवंतराव जेव्हा बैलगाडीत घालून एक काळी विलायती मोटारसायकल घेऊन आले, तेव्हा शालन दारातच उभी राहिली. यशवंतराव पिंपरीत उभ्या राहणाऱ्या नव्या औषधांच्या कारखान्यात सुपरवायझर होते.

"हिंदुराव, लष्कराच्या लिलावात घेतली. इंजिन उत्तम, पण क्लच पार गेलाय. तीन मिस्त्र्यांनी हात टेकले," ते म्हणाले. "आमच्याकडं फिटरची एक जागा आहे. साहेब मला विचारतात, चांगला माणूस सांगा. पुढच्या सोमवारी ही गाडी चालवत मी कारखान्यात गेलो, तर कुणी बांधली हे सांगायला मला तोंड राहील. चिठ्ठी घेऊनच येतो. फिटरला खोली मिळते. नळाची."

नळाची, हा शब्द शालनने मनात दोनदा म्हणून बघितला. विहीर शेडपासून पाऊण मैल होती.

२

आधी गाडी कुठल्या कंपनीची, तेच कळेना. टाकीवरचं पितळी नाव कुणीतरी काढून टाकलं होतं. खाली खाकी रंग, वर काळा.

"नॉर्टन असावी," हिंदुराव म्हणाला आणि चेनचं झाकण उघडून आत वाकला. "नॉर्टनच्या क्लचला तीन स्प्रिंगा. हिला पाच आहेत."

"मोजायला चुकला असाल."

"पाचापर्यंत येतं मला."

शालनने केसातला आकडा काढला आणि गिअरच्या पेटीवरच्या रंगाखाली जे उंचवटे हाताला लागत होते ते खरवडले. इंग्रजी अक्षरं एकेक करून वर आली. तिने शाळेतल्यासारखी जुळवून वाचली. "बर्मन."

"असं आहे होय!" हिंदुरावने मांडीवर थाप मारली. "अगं, ही पेटी चार-पाच कंपन्या आपापल्या गाड्यांना लावायच्या. गाडी कुणाची का असेना, क्लच सापडला. लढाईत लष्कराच्या वर्कशॉपात मी असले बारा तरी बांधलेत."

प्लेटा बाहेर आल्या. कॉर्क कोळशासारखा काळा झाला होता. शालनने बोट फिरवलं तर भुकटी झाली. तिने पुष्कळ जळके कॉर्क पाहिले होते, पण ते कडेने जळायचे. हा मुळापर्यंत भाजला होता.

"जन्मभर ओझं ओढल्यासारखा," ती म्हणाली.

त्या दिवसांत रस्त्यावरून कारखान्यांच्या खडीच्या गाड्या जायच्या आणि शेडमधल्या सगळ्यावर धुळीचा थर बसायचा. मंगळवारी सकाळी शालनने फडकं घेतलं. टाकी, दिवा, दोन्ही सीटा, मडगार्ड, सगळं पिठात लोळवल्यासारखं झालं होतं. पुसता पुसता तिचा हात थांबला. मागे बसणाऱ्याने पाय ठेवायची जी दोन घडीची पायदानं असतात, ती उघडी होती आणि त्यांच्या रबरावर धुळीचा कण नव्हता.

हिंदुरावचं धोतर घासलं असेल, असं ती मनाशी म्हणाली आणि पायदानं मिटून ठेवली. बुधवारी ती पुन्हा उघडी होती. रबर स्वच्छ, बाकी गाडीवर धूळ.

३

गुरुवारी नवा क्लच बसला. एकशेवीस चकत्या, शालनच्या दोन्ही अंगठ्यांची साल गेलेली. हिंदुरावने किक मारली, इंजिन पहिल्याच फटक्यात बोललं आणि तो ऐटीत रस्त्याला लागला.

अर्ध्या तासाने तो गाडी ढकलत परत आला. घामाने निथळत होता.

"घसरतोय. इंजिन कोकलतंय आणि गाडी सरकत नाही. अंगावर दोन माणसांचा भार असल्यागत."

"तुम्ही एकटेच तर होता."

"तेच तर म्हणतोय."

क्लच पुन्हा उघडला. कॉर्क सुरेख होता. प्लेटा सपाट, स्प्रिंगा सारख्या, मधली दांडी बरोबर मापाची. हिंदुरावने सगळं परत बसवलं, पुन्हा गेला, पुन्हा ढकलत आला. तिसऱ्यांदाही तसंच झालं, पण तो चिडला नाही. चिडला असता तर शालनला बरं वाटलं असतं. तो पायरीवर बसून त्या गाडीकडे नुसता बघत राहिला.

"शालन, चूक माझी असती तर ती मला सापडली असती," तो म्हणाला. "एक तर ही गाडी दिसते त्याहून जड आहे, नाहीतर मला काम येत नाही."

"काम येतं तुम्हाला."

"मग वजन करू. उद्या चाकणला जाऊ. मालोजीच्या काट्यावर."

चाकणच्या कांद्याच्या बाजारात मालोजी तोलार होता. त्याच्या विहिरीचं इंजिन हिंदुरावने दुरुस्त केलं होतं, म्हणून ओळख. शालन म्हणाली, मीही येते, दिवाळीला कांदे आणू. कांदे चिंचवडलाही मिळत होते, पण नवऱ्याला त्या गाडीबरोबर एकट्याला पाठवायचं तिच्या मनात नव्हतं. हे तिने बोलून दाखवलं नाही.

४

सकाळचं ऊन छान होतं. शेतांतून भुईमुगाच्या शेंगा काढायचं काम चाललं होतं, बायका मान वर करून बघायच्या, एकीने हात केला. शालन मागच्या सीटवर एका अंगाने बसली होती. क्लच घसरत होता, गाडी बैलगाडीच्या चालीने चालली होती, तरी तिला मजा वाटत होती. अशी ती कधी बसली नव्हती.

"राणीसाहेब, बरं आहे ना?" हिंदुराव ओरडला.

"बरं आहे! जरा हाकला की!"

मोशी गेली, उतार लागला आणि गाडीने थोडा वेग धरला. वारा तोंडावर आला. शालनने पदर कमरेला खोचला होता, पण त्याचं टोक मोकळंच होतं. आता ते फडफडणार, चाकात जाईल, म्हणून ती हात मागे नेऊन चाचपू लागली. पदर फडफडत नव्हता. तो तिच्या पाठीमागे सीटवर पसरला होता आणि ताणलेला होता. तिने ओढून बघितला. आला नाही. कशाततरी अडकला असेल, स्प्रिंगेत, पत्र्यात. तिने मागे वळून बघितलं नाही. वळले तर तोल जाईल, असं कारण तिने स्वतःला दिलं.

चढावर दोघं उतरली. उतरताना पदर हलकेच सुटला. कुणी उठून मोकळा करून द्यावा, तसा. त्यावर ना डाग होता, ना फाटल्याची खूण. फक्त वीतभर रुंद चुरगळा पडला होता.

बाजारात मालोजी एकाच्या जागी 'लाभ' म्हणत पोती मोजत होता. "लाभ... दोन... तीन..." त्याने सूर न तोडता हात वर करून त्यांना थांबायला सांगितलं. मग हसत आला.

"काय मिस्त्री, कांदं सोडून लोखंड इकायला आणलं व्हय?"

"वजन कर रे. ही जात लढाईत आम्ही रेल्वेत चढवायचो, तेव्हा चार मण लिहायचो. बघू तुझा काटा काय म्हणतो."

गाडी फळीवर चढवून स्टँडला लावली. हिंदुराव आणि शालन दोघंही लांब झाली. मालोजीने वजन सरकवलं, आणखी सरकवलं, दांडी डोळ्यांच्या पातळीला धरून वाकून बघितलं. त्याचं हसू हळूहळू कमी झालं.

"साडेपाच."

"दीड मण जास्त? काटा बिघडलाय तुझा."

"काटा न्हाई बिघडला. आत्ता शंभर पोती तोलली." मालोजीने दांडीवर बोट ठेवलं, काढलं. दांडी थांबली नाही. अगदी थोडी वर, थोडी खाली, अशी होत राहिली. "ह्ये बघा राव. लोखंड असं हालत न्हाई. पोतं टाकलं की दांडी गप हुती. आमी कधीमधी बकरं तोलतो, तवा काटा असा हालतो. जित्तं काय असलं की."

बाजारातला गलका चालूच होता. शालन त्या दांडीकडे बघत होती. वर, खाली. वर, खाली. आपला स्वतःचा श्वास तिच्या तालावर चाललाय हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने तो मुद्दाम रोखून धरला. दांडी आपल्या चालीने चालूच राहिली.

"वाऱ्यानं असंल," मालोजी म्हणाला. वारा पडला होता. "न्या आता खाली. लोकं खोळंबल्यात. ताई, कांदं न्या थोडं, पैसं नगं."

५

"ओझं असेल तर ओझ्याच्या बेताने क्लच बांधायचा," घरी आल्यावर हिंदुराव म्हणाला. त्याच्या आवाजात पुन्हा जोर आला होता. काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, पण किती आहे ते आता ठाऊक होतं, आणि मिस्त्रीला तेवढं पुरतं. "पाची स्प्रिंगांखाली वायसर घालतो. दाब वाढेल. दोन माणसं मुकाट ओढेल."

"आणि ते वर कोण आहे?"

"कोण म्हणजे?"

"अहो, मालोजी भावजी काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत."

"मालोजी कांदे तोलतो, शालन. त्याला मोटारसायकल काय कळतीय? गाडीच्या नळ्यांत कुणी शिसं भरलं असेल. लष्करातले लोक काय काय लपवून न्यायचे."

शालनला ते पटलं. म्हणजे पटवून घ्यावंसं वाटलं. शनिवारी सकाळी पाण्याला जाण्यापूर्वी मात्र तिने ती दोन पायदानं मिटली आणि सुतळीने करकचून बांधली. गाठीवर गाठ, तीन गाठी. हिंदुराव पिंपरीला वायसर आणायला गेला होता. शेडला तिने कडी घातली.

हंडा डोक्यावर घेऊन ती परत आली तेव्हा कडी तशीच होती. पायदानं उघडी होती. सुतळी कापलेली नव्हती. तिन्ही गाठी सोडवलेल्या होत्या आणि सुतळीची नीट गुंडी करून ती मागच्या सीटवर ठेवलेली होती.

हंडा खाली ठेवायला तिला वेळ लागला. मनात पहिला विचार आला तो असा, की हे जे काही आहे ते रीतीचं आहे. सुतळी टाकून नाही दिली.

तेवढ्यात सीटच्या स्प्रिंगा हळूच कुरकुरल्या आणि एक बोटभर खाली गेल्या.

६

सोमवारी दहा वाजता यशवंतराव आले, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. आदल्या दिवशी हिंदुरावने गाडी मोशीपर्यंत नेऊन आणली होती. क्लचने चढावर हूं की चूं केलं नव्हतं. परत येताना तो गाणं म्हणत आला होता.

यशवंतरावांनी लिव्हर दाबून पाहिला. "जरा घट्ट आहे."

"सवय होईल साहेब. पण सुटणार नाही कधी."

"बहाद्दर!" त्यांनी खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि हिंदुरावच्या हातात दिली. "एक तारखेला हजर व्हायचं. खोलीचा क्रमांकही लिहिलाय. वहिनी, आता विहिरीची सुट्टी."

शालनने चहा दिला. नळाचा आवाज कसा येत असेल, पितळेच्या हंड्यात आणि बादलीत वेगळा येत असेल का, असं काहीतरी तिच्या डोक्यात चाललं होतं. ती खरोखर आनंदात होती.

"आता इथून सरळ स्टेशनवर," यशवंतराव बशी ओठाला लावत म्हणाले. "सुमन येतेय माहेराहून अकराच्या गाडीने. सातवा लागलाय. टांग्याने हिसके बसतात, म्हटलं आपली गाडी झालीय, मागे बसवून अगदी सावकाश आणतो."

शालनच्या हातातली किटली कलंडता कलंडता राहिली.

तिने हिंदुरावकडे पाहिलं. हिंदुरावने चिठ्ठीकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता. सांगावं तर काय सांगावं? की साहेब, गाडीवर कुणीतरी आहे? चिठ्ठी परत जाईल, आणि मिस्त्रीचं डोकं फिरलंय हे चारचौघांत होईल. न सांगावं तर सात महिन्यांची पोटुशी बाई त्या सीटवर बसणार.

"साहेब," हिंदुराव म्हणाला, "आत या जरा. क्लचची तार कशी आवळायची ती दाखवतो." ती दाखवायची काही गरज नव्हती. तो वेळ काढत होता, हे शालनला कळलं.

दोघं शेडच्या आतल्या फळीकडे गेले. शालन गाडीपाशी एकटी उरली. गाडी उन्हात उभी होती. मागची सीट दबलेली होती.

तिला मंत्र येत नव्हता, अंगारा तिच्याकडे नव्हता. दाराशी उन्हात बसलेल्या माणसाला जे म्हणायची तिला लहानपणापासून सवय होती, तेच तिच्या तोंडून आलं.

"तुम्ही असे बाहेरच का बसलात? आत या ना," ती म्हणाली. "किती लांबून आलात. उतरा आता. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

काहीच झालं नाही. रस्त्याने एक सायकलवाला घंटी वाजवत गेला.

"कुणाला बोलावताय वहिनी?" यशवंतराव मागून हसत आले.

"तुम्हालाच की."

"अहो, दोन कप झाले माझे!"

तिचे कान तापले. काय हा वेडेपणा, असं वाटून ती पदराने उगीचच गाडीचा दिवा पुसू लागली.

७

यशवंतरावांनी किक मारली, गिअर टाकला आणि लिव्हर सोडला.

गाडी अशी उसळली की पुढचं चाक जमिनीवरून सुटतंय असं वाटलं. यशवंतरावांची टोपी मागे पडली. ते सावरले, मोठ्याने हसले. "हिंदुराव! काय ताकद भरलीय हो! वासरू सुटल्यागत पळतेय!" टोपी न घेताच ते हमरस्त्याला लागले. इंजिनाचा आवाज एकदम मोकळा, स्वच्छ होता. सीटच्या स्प्रिंगा वर आलेल्या, खड्ड्याखड्ड्याला नाचणाऱ्या.

शालनच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुमनताईंना काही नाही होत आता," ती म्हणाली.

हिंदुराव टोपी हातात घेऊन उभा होता. गाडी दिसेनाशी झाली तरी तो कान देऊन ऐकत होता.

"मी दोघांच्या बेताने स्प्रिंगा आवळल्या होत्या," तो सावकाश म्हणाला. "एकट्याला त्या जास्त होतात. म्हणून उसळली." तो तिच्याकडे वळला. "शालन, गाडी हलकी गेली."

"मग चांगलंच झालं की."

"हो. पण तू काय म्हणालीस तिला? मघाशी?"

"आत या म्हणाले. चहाला."

आतल्या खोलीत बाज करकरली.

दोघंही शेडच्या दारातच होती. शेडच्या मागच्या बाजूला, खोलीच्या उघड्या दारातून अर्धी खोली दिसत होती. चूल, चुलीजवळ झाकून ठेवलेला चहा, भिंतीला लागून बाज. बाजेवर कुणी नव्हतं. तिच्या सुंभाला मधोमध झोळ पडला होता. दीड मणाचा पडावा तेवढा.

हिंदुरावचा हात शालनच्या मनगटावर घट्ट बसला. शालनला वाटलं पळावं, आणि त्याच वेळी वाटलं की चहा निवतोय.

"आलेच हं," ती आतल्या बाजूला म्हणाली. आवाज तिचाच होता.

सुंभ पुन्हा कुरकुरलं. तो झोळ मधून हळूहळू भिंतीकडे सरकला, आणि बाजेच्या अलीकडच्या बाजूला एका माणसापुरती जागा मोकळी झाली.